घरातल्या औषधांच्या डब्याशेजारी एक पुस्तक हवे



१९८८ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो. कुर्ल्याच्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत आमचे सात माणसांचे कुटुंब राहत होते. नळाला गढूळ पाणी येत होते. आमच्या धाकट्या बहिणीला, दीड वर्षाच्या पोरीला, जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. आजी म्हणाली, "पाणी देऊ नका गं, पाणी पोटात गेलं की जुलाब वाढतात." आईने पाणी बंद केले, दूधही बंद केले. दुसऱ्या दिवशी तिला जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे एक इंजेक्शन टोचले, पैसे घेतले आणि घरी पाठवले. पोर पाण्याच्या हंड्याकडे हात करत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

घरात सर्वांनी नशिबाला बोल लावला. आजीला दोष कसा द्यावा? नातीवर तिचा जीव होता. तिला जे ठाऊक होते ते तिने केले.

पुढे १९९९ साली आम्ही बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळताना एक जाडजूड हिंदी पुस्तक हाती लागले. नाव होते 'जहाँ डॉक्टर न हो'. पानोपानी चित्रे होती म्हणून उचलले आणि वीस रुपयांत घेतले. रात्री वाचता वाचता जुलाबाचे प्रकरण आले. मूल जुलाबाने मरते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, म्हणून त्याला पाणी पाजत राहा, मीठ-साखरेचे पाणी पाजा, अंगावरचे दूध थांबवू नका, असे तिथे लिहिले होते. आम्ही ते आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मीठ, साखर अन् पाणी? एवढंच?"

त्या 'एवढंच?'चे उत्तर आम्ही आजतागायत शोधत आहोत. हा लेख त्याच शोधातून लिहिला आहे.

ज्ञान जगात होते, आमच्या घरात नव्हते

मीठ-साखरेच्या पाण्याचा हा शोध काही १९९९ सालचा नव्हे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपात भरून ठेवले आणि नातेवाइकांच्या हातून ते रुग्णांना पाजवले. ३० टक्क्यांच्या घरात असणारे मृत्यूचे प्रमाण तिथे ४ टक्क्यांच्या खाली आले. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचाराची गणना विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय शोधांत केली. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले.

हिशेब करा. १९७१ ते १९८८ म्हणजे सतरा वर्षे. सतरा वर्षांत ती माहिती बनगावहून लंडनला पोहोचली, पण कुर्ल्याच्या आमच्या खोलीत पोहोचली नाही. आपल्या घरात माणसे अशीच जातात. रोगावर इलाज नसतो म्हणून जातात त्यापेक्षा इलाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही म्हणून अधिक जातात. हे अंतर तोडण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे चांगले पुस्तक. म्हणून आम्ही सांगतो, घरातल्या औषधांच्या डब्याशेजारी एक पुस्तकही ठेवा.

वाचण्यापूर्वी प्रमाण पाठ करून टाका. एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, शिगोशीग नको. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी फेकून द्या आणि नवे करा. आरोग्य केंद्रात ओआरएसची पुडी मिळते, ती अधिक चांगली. सोबत मुलाला झिंकच्या गोळ्या किती व किती दिवस द्यायच्या ते तिथेच विचारून घ्या. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचातून रक्त आले किंवा पाणी पोटात ठरेना, तर एक क्षण न दवडता रुग्णालय गाठा.

पहिले पुस्तक: 'जहाँ डॉक्टर न हो'

या पुस्तकाचे मूळ मेक्सिकोत आहे. डेव्हिड वर्नर हे अमेरिकेतले जीवशास्त्राचे शिक्षक. ते डॉक्टर नव्हेत. पश्चिम मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांत राहून तिथल्या लोकांच्या मदतीने त्यांनी हे पुस्तक तयार केले. ते १९७३ साली स्पॅनिशमध्ये आणि १९७७ साली इंग्रजीत निघाले. पुढे ऐंशीहून अधिक भाषांत गेले. ज्याला जेमतेम अक्षरओळख आहे त्यालाही चित्रावरून समजावे, अशी त्याची मांडणी आहे.

आम्हांला त्यातले सर्वांत मोलाचे प्रकरण वाटते ते औषधांच्या योग्य आणि अयोग्य वापराचे. विशेषतः इंजेक्शनच्या वेडाविषयी. आपल्या वस्तीत काय चालते? जरा थकवा आला की, "डॉक्टर, एक सलाईन लावा, अंगात ताकद येईल." आम्ही कारकून माणूस, म्हणून आकडेमोड केली. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे १०० उष्मांक. ज्वारीच्या एका भाकरीत याहून अधिक असतात. ज्याला तोंडाने खाता-पिता येते त्याने त्या बाटलीसाठी दिवसाची मजुरी मोजायची आणि घरी येऊन भाकरीवाचून झोपायचे! ज्याच्या अंगातले पाणी गेले आहे, जो पिऊ शकत नाही, त्याला सलाईन जीवदान देते, हे खरेच. पण 'ताकदीसाठी' सलाईन हा आपल्या खिशावर पडलेला दरोडा आहे.

एक सूचना मात्र करतो. औषधांची माहिती बदलत असते. फुटपाथवर मिळालेली जुनी आवृत्ती वाचून औषधाचे प्रमाण ठरवू नका. पुस्तक आजार ओळखायला आणि प्रश्न विचारायला शिकवते. चिठ्ठी डॉक्टरांनीच लिहायची.

हृदय फक्त श्रीमंतांनाच असते काय?

हृदयविकार हा गादीवर बसणाऱ्यांचा रोग, अशी आपल्याकडे समजूत आहे. दोन वर्षांपूर्वी कचेरीतल्या तपासणी शिबिरात आमचा रक्तदाब १६० वर १०० निघाला तेव्हा ती समजूत गळून पडली. आम्हांला काहीच जाणवत नव्हते. रक्तदाबाचे असेच असते. तो दुखत नाही, खुपत नाही, आतून पोखरत राहतो.

त्या वेळी डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' आम्ही ग्रंथालयातून आणले. डॉ. बंग आणि डॉ. राणी बंग हे पतिपत्नी १९८६ पासून गडचिरोलीत आदिवासी भागात काम करत आहेत. १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, डॉ. बंगांना हृदयविकाराचा झटका आला. इतरांना आरोग्य शिकवणारा हा डॉक्टर स्वतःच्याच जगण्याची उलटतपासणी करतो. काय खातो, किती चालतो, कशाचा ताण घेतो, हे तो आडपडदा न ठेवता लिहितो. डॉक्टर आपली चूक कबूल करतो, हेच या पुस्तकाचे बळ आहे. त्यात ध्यान-अध्यात्माचाही बराच भाग आहे. तो ज्याला पटेल त्याने घ्यावा. मीठ कमी करणे, तंबाखू सोडणे, रोज भरभर चालणे आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद न करणे, एवढे तरी प्रत्येकाने घ्यावेच.

जे बोलायची लाज वाटते, ते आधी वाचावे

माता-भगिनींनो, हा भाग खास तुमच्यासाठी आहे. पुरुषांनी तर तो जरूर वाचावा.

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. आणि पूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या मुकाट्याने सोसत होत्या. अंगावरून पांढरे जाते, कंबर मोडते, पाळीच्या वेळी उभे राहवत नाही, पण सांगायचे कुणाला? या स्त्रियांचे बोलणे ऐकून राणीताईंनी 'कानोसा' हे पुस्तक लिहिले.

आमच्या समाजमंदिरात दर दुसऱ्या रविवारी आरोग्याच्या पुस्तकांचे वाचन होते. 'कानोसा'तली काही पाने वाचून झाली त्या दिवशी पुरुष मंडळी बाहेर थांबली होती. आमची पत्नी वाचत होती. वाचन संपल्यावर घरकाम करणाऱ्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "पोरी, हे मला सात वर्षांपासून आहे. मला वाटलं बाईच्या जातीला असतंच." पुढल्या आठवड्यात आशाताई त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. औषधाने गुण आला. सात वर्षांचा त्रास एका वाचनाने बोलता झाला!

या विषयावर बोलण्याची लढाई आपल्याकडे जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक एकहाती चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा त्यांचे वकीलपत्र कुणी घेतले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी! खटला हरला, पण विचार हरला नाही. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मांडला गेला, तोही बाबासाहेबांच्याच पुढाकाराने. तेव्हा घरातल्या वयात आलेल्या मुलामुलींच्या हाती डॉ. विठ्ठल प्रभू यांचे 'निरामय कामजीवन' दिसले तर ओरडू नका. विवाहापूर्वी शास्त्रीय माहिती मिळाली तर पुढचे कितीतरी दुःख टळते.

दारूने कर्ता माणूस जातो

या विषयावर आम्ही थोडक्यात लिहितो, कारण त्याची झळ ज्याच्या घराला लागली नाही असा वाचक विरळा. डॉ. अनिल अवचट यांनी 'गर्द' लिहून व्यसनाचे भीषण चित्र समाजापुढे ठेवले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई मदतीला पुढे आले आणि १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. डॉ. अनिता अवचट यांनी ते आईच्या मायेने चालवले. ती सारी कहाणी 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकात आहे.

हे पुस्तक पिणाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी घरच्यांनी वाचावे. व्यसन हा आजार आहे आणि आजाऱ्याला शिव्यांनी गुण येत नाही, हे त्यातून उमगते. मारझोड मात्र आजाराच्या नावाखाली कुणी सोसू नये. आणि एक ध्यानात ठेवा. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर थरथर, भ्रम, प्रसंगी झटके येऊन जीव धोक्यात येतो. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मनाचाही दवाखाना असतो

मन दुखले की आपण एक तर गिळून टाकतो किंवा अंगात आले म्हणतो. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. मराठीत ती डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'स्वभाव-विभाव' या पुस्तकात सोप्या भाषेत उतरवली आहे. १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था उभी करणारे हेच ते डॉक्टर. पद्धतीचे सार असे: घटना एक असते, त्या घटनेविषयी आपण मनाशी जे म्हणतो ते दुसरे असते, आणि भावना जन्मते ती बरीचशी या दुसऱ्यातून.

आमचाच अनुभव सांगतो. एकदा कचेरीत एका साहेबांनी चारचौघांत आमच्या बढतीवरून टोमणा मारला. टोमणा कशावरून होता ते आपल्या वाचकांना सांगायला नको. आम्ही तीन रात्री झोपलो नाही. मन म्हणत होते, "सगळे असेच समजतात. आपली लायकीच नाही. आता तोंड दाखवायला जागा नाही." चौथ्या दिवशी हे पुस्तक पुढ्यात घेऊन आम्ही वहीत दोन रकाने पाडले, जमा-खर्चाचे पाडतो तसेच. एका बाजूला खरे काय ते लिहिले: टोमणा मारला गेला, तो अन्यायाचा होता. दुसऱ्या बाजूला आपण जोडलेले काय ते लिहिले: सगळे असेच समजतात, आपली लायकी नाही. दुसऱ्या रकान्याला पुरावा एकही सापडला नाही. त्या रात्री झोप लागली. आणि सकाळी थंड डोक्याने आम्ही लेखी तक्रार दिली.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. मन शांत करायचे ते अन्याय पचवण्यासाठी नव्हे. शांत मनाने अन्यायाशी अधिक नीट लढता येते. मात्र जगणे नकोसे वाटू लागले, दिवसेंदिवस झोप-भूक गेली, तर पुस्तकावर विसंबू नका. सरकारने २०२२ साली 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येते.

कोणते पुस्तक घेऊ नये?

रेल्वे स्थानकावरच्या दुकानात जीवन बदलून टाकणाऱ्या पुस्तकांचा ढीग असतो. आम्ही पुस्तक पारखण्यासाठी चार प्रश्न विचारतो.

१) हे पुस्तक डॉक्टरांकडे केव्हा जावे ते सांगते काय? सांगत नसेल तर खाली ठेवा.

२) सात दिवसांत मधुमेह बरा, एका मुळीने कर्करोग बरा, अशी हमी देते काय? देत असेल तर दुकानातून बाहेर पडा.

३) शेवटच्या पानावर लेखक स्वतःचेच चूर्ण किंवा शिबिर विकतो काय?

४) तुझी गरिबी ही केवळ तुझ्या विचारांची करणी आहे, असे म्हणते काय?

चौथा प्रश्न आम्हांला सर्वांत मोठा वाटतो. गटार साफ करणाऱ्या कामगाराला मुखवटा आणि हातमोजे न देता 'सकारात्मक विचार कर' असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. स्वच्छ पाणी, पुरेशी मजुरी, जवळ दवाखाना हेही आरोग्यच. व्यक्तिमत्त्व घडवणारे पुस्तक ते, जे माणसाला स्वतःची जबाबदारी शिकवते आणि हक्कही विसरू देत नाही.

वाचायचे कसे?

पुस्तके महाग झाली आहेत हे आम्ही जाणतो. पण १९६७ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळते. आपल्या भागातले ग्रंथालय शोधा, वर्गणी भरा, हवे ते पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहा. पाच घरांनी मिळून एक पुस्तक घ्या. वाढदिवसाला केक कापता, तेवढ्या पैशांत एक पुस्तक येते.

घरात मोठ्याने वाचा. रोज दोन पाने पुरेत. ज्याला वाचता येते त्याने वाचावे, ज्याला येत नाही त्याने ऐकावे आणि प्रश्न विचारावेत. आमच्या समाजमंदिरात प्रश्नांची एक नोंदवही आहे. न सुटलेले प्रश्न त्यात लिहून महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारतो. आजवर त्या वहीची दोनशेच्या वर पाने भरली आहेत.

आमची आई आज बहात्तर वर्षांची आहे. तिला वाचता येत नाही. पण २००९ साली आमच्या मुलीला जुलाब लागले तेव्हा आम्ही कचेरीत होतो. घरी आलो तर आई पोरीला मांडीवर घेऊन चमच्या-चमच्याने पाणी पाजत होती. बाजूला साखरेचा डबा, मिठाची बरणी, आणि ते जुने हिंदी पुस्तक उघडे, चित्राच्या पानावर. तिने चमचे चित्रातून मोजले होते. पोर दुसऱ्या दिवशी खेळू लागली.

संध्याकाळी आई पुस्तकाला नवे कव्हर घालून मागत होती. आम्ही घालून दिले. तुमच्याही घरात असे एक पुस्तक येवो. मात्र त्याची वाट पाहत बसू नका. येत्या रविवारी ग्रंथालयाची पायरी चढा.